रिओतला तेरावा क्रमांक

मित्रहो, मला विषय दिला आहे ‘आंतरराष्ट्रीय रोइंग स्पर्धा’. मी तो एका क्रमांकाभोवती मांडणार आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू बबन भोकनळ सिंगल स्कल प्रकारात, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या नौकेच्या शर्यतीत, तेरावा आला. पदक नाही, पदकाची फेरीही नाही, म्हणून आपण तो निकाल सोडून दिला. माझं म्हणणं असं, की भारतीय रोइंगमधल्या सर्वांत चांगल्या शर्यतींपैकी एक त्या तेराव्या क्रमांकात आहे. आपल्याला ती दिसली नाही, कारण रेगाटाचा, म्हणजे रोइंग स्पर्धेचा, निकाल कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

तेव्हा ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतीत प्राथमिक फेरीत मागे पडलात की सामान आवरायचं. रोइंगची रीत वेगळी आहे. रिओला सिंगल स्कलमध्ये बत्तीस नौका होत्या. पाण्यात एका वेळी सहा लेन. सहा हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, झाल्या आणि प्रत्येकीतले पहिले तीन थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले. उरलेल्यांना रेपेशाज, म्हणजे मागे पडलेल्यांची वेगळी शर्यत, आत येण्याची आणखी एक संधी. अशा चोवीस नौका उपांत्यपूर्व फेरीच्या चार शर्यतींत उतरल्या. प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन वर गेले, पहिल्या बारा जागांसाठी. खालच्या तिघांचं काय? त्यांचीही उपांत्य फेरी होते आणि त्यांचीही फायनल होते. ‘सी’ फायनल तेरा ते अठरा या क्रमांकांची, ‘डी’ फायनल एकोणीस ते चोवीस. शेवटपर्यंत प्रत्येक नौका शर्यत खेळते.

दत्तू हीटमध्ये तिसरा आला आणि थेट पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला, वेळ ६ मिनिटं ५९.८९ सेकंद. तिसरा आला असता तर पहिल्या बारांत असता. एका क्रमांकाने वरची बारा दारं बंद झाली. त्यानंतर त्याला मिळू शकणारा सर्वांत वरचा क्रमांक तेरावा होता आणि तोच त्याने घेतला. ‘सी’ फायनल तो जिंकला, ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत.

ही फायनल मनाने फार अवघड असते. पदक गेलेलं असतं. आठवडाभरात तीन वेळा शरीर पार पिळून निघालेलं असतं. प्रेक्षक ‘ए’ फायनलची, म्हणजे पदकांच्या शर्यतीची, वाट बघत असतात. मी बरीच वर्षं मुलांना वल्हं मारायला शिकवतो आहे. अशा शर्यतीत कुणी अर्ध्या मनाने उतरला तर ते मला पहिल्या पाचशे मीटरांत समजतं. दत्तूची त्या शर्यतीतली वेळ त्याच्या उपांत्यपूर्व फेरीपेक्षा पाच सेकंदांनी चांगली होती. वाऱ्याने थोडी मदत केली असेलही, पण त्याच वाऱ्यात बाकीचे पाच जणही होते आणि ते सगळे त्याच्या मागे राहिले.

आता हे दोन हजार मीटर म्हणजे काय ते सांगतो. सिंगल स्कलची नौका सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते आणि बसल्या जागी जेमतेम फूटभर रुंद. नियमाने तिचं वजन किमान १४ किलो लागतं, म्हणजे घरगुती सिलिंडरमधल्या गॅसइतकं. शर्यत संपल्यावर काही नौका काट्यावर चढवतात आणि वजन कमी भरलं तर निकाल जातो, म्हणून हलक्या नौकांमध्ये आधीच वजनं बसवतात. नौकेच्या टोकाला एक पांढरा रबरी गोळा असतो. धडक झालीच तर कुणाच्या पाठीत टोक घुसू नये म्हणून तो लावलेला असतो. शेवटच्या रेषेवर पंच नौकेच्या याच टोकाकडे बघतात. बूट नौकेलाच जोडलेले असतात, पण टाचा दोरीने अशा बांधलेल्या असतात की नौका उलटली तर पाय आपसूक मोकळे व्हावेत. शर्यतीआधी या दोऱ्याही तपासतात. पाण्याची भीती वाटणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो.

सुरुवातीच्या तराफ्यावर प्रत्येक लेनमागे एक मुलगा किंवा मुलगी पालथी पडलेली असते, हात लांब करून नौकेचं शेपूट धरून ठेवलेली. सहाही नौका एका रेषेत आणल्या जातात. पंच देशांची नावं पुकारतात. मग ‘अटेंशन’, लाल दिवा, थोडी थांबलेली शांतता, आणि हिरवा. ती शांतता किती लांब असेल हे कुणालाही ठाऊक नसतं. घाई केली तर इशारा मिळतो, दुसऱ्यांदा केली तर बाद.

पहिले काही फटके आखूड आणि झपाझप, मिनिटाला चाळीसच्या वर. नौका स्थिर उभी असते, तिला उचलून वेगात आणायचं असतं. एक मिनिट होईतो मांड्यांमध्ये आग लागलेली असते आणि अजून सहा मिनिटं बाकी असतात. इथेच नवखे फसतात. रोइंगच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर तयार होतो. सुरुवातीच्या जोरात ज्याने उधारी फार केली त्याला ती दीड हजार मीटरवर फेडावी लागते. म्हणून पहिल्या मिनिटानंतर फटके मिनिटाला चौतीस-पस्तीसवर आणायचे, ते लांब करायचे आणि नौकेला दोन फटक्यांच्या मधे पळू द्यायचं. सरकती सीट पुढे घेताना घाई केली की नौकेचा वेग तुम्हीच खाता. हे शिकायला वर्षं जातात.

आणि तुम्ही पाठमोरे बसलेले असता. पुढे असाल तर सगळे प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर दिसतात, तुमच्या एका जोरावर त्यांची चेहरेपट्टी कशी बदलते तेही दिसतं. मागे असाल तर समोर फक्त पाणी आणि कानांवर पुढच्यांच्या वल्ह्यांचे आवाज. चौथ्या जागेवरून तिसऱ्या जागेवर जाऊ पाहणाऱ्याला तिसरा कुठे आहे हे मान वळवूनच कळतं, आणि मान वळवली की नौका डुलते.

वेळेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. हीटमध्ये दत्तूची वेळ होती ७ मिनिटं २१.६७ सेकंद. आठवड्यात तो सत्तावीस सेकंदांनी सुधारला का? नाही. ६ ऑगस्टला, पहिल्याच दिवशी, रॉड्रिगो दे फ्रेइतास तलावावर वारा इतका होता की सर्बियाच्या जोडीची नौका उलटली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. समोरून वारा आला की शर्यत अर्धा मिनिट लांबते, पाठीमागून आला की विक्रम होतात. म्हणून रोइंगमध्ये घड्याळापेक्षा क्रमांक मोठा. वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तशा खवळलेल्या पाण्यात वल्हं लाटेत अडकलं की मूठ पोटात बसते आणि नौका उभी राहते. क्रॅब लागणं म्हणतो आम्ही त्याला. त्या दिवशी दत्तूने शहाणपण केलं. पहिला येण्यासाठी जीव काढला नाही, तिसरा येण्याइतकं नीट खेळला आणि नौका सरळ ठेवली. चार वर्षांच्या अनुभवावर हे शहाणपण यावं याचं मला कौतुक वाटतं.

होय, चार वर्षं. घरची परिस्थिती अशी की वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या, दगड फोडायचे, पेट्रोल पंपावर काम करायचं. दुष्काळी चांदवडमध्ये वाढलेला हा मुलगा २०१२ साली लष्करात, पुण्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला. तिथे त्याची उंची आणि ताकद पाहून प्रशिक्षकांनी त्याला नौकेत बसवलं. पाण्याची भीती होती, हे त्यानेच सांगितलं आहे. एकवीस वर्षांचं वय होतं तेव्हा. २०१५ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक, २०१६च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला पात्रता, आणि ऑगस्टमध्ये रिओ. भारताचा रोइंगमधला तो एकटाच खेळाडू. घरी आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली.

आता त्याच तलावावरच्या ‘ए’ फायनलकडे पाहा. १३ ऑगस्टला न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन यांची वेळ एकच आली, दोघांचीही ६ मिनिटं ४१.३४ सेकंद. शेवटी छायाचित्रावरून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं गेलं. दत्तूच्या वेळेपासून फरक साडेतेरा सेकंदांचा. वारा सारखा होता असं क्षणभर धरलं, तर पाण्यावर हे अंतर साधारण पासष्ट मीटर होतं. पण ड्रायस्डेल तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि त्याने सिंगल स्कलचं पहिलं जगज्जेतेपद २००५ साली मिळवलं होतं. तेव्हा दत्तू चौदा वर्षांचा होता आणि त्याने वल्हं पाहिलेलंही नव्हतं. ते पासष्ट मीटर ताकदीचे कमी आणि पाण्यावर काढलेल्या वर्षांचे जास्त आहेत. व्यायामशाळेतल्या रोइंग मशीनवर आपली मुलं जगाच्या बरीच जवळ जातात. पाण्यात उतरल्यावर अंतर वाढतं, कारण नौका सरळ पळवण्याची कला लहान वयातच अंगात मुरते. विशीत लष्करात गेल्यावर पहिल्यांदा वल्हं हाती घेणारा खेळाडू आशियात पदक मिळवू शकतो. जगात पहिल्या सहांत यायला त्याला सात-आठ वर्षं आधी पाण्यावर यावं लागेल.

आशियातलं यश खरं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. बजरंगलाल ताखरने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सिंगल स्कलचं सुवर्ण जिंकलं, ते रोइंगमधलं भारताचं पहिलं. २०१८ साली पालेम्बंगला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू या चौघांनी क्वाड्रपल स्कलचं सुवर्ण आणलं. २०२३ साली हांगझूला भारताने रोइंगमध्ये पाच पदकं मिळवली. या यादीतले बहुतेक सगळे सैन्यातले. पुण्यातल्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रोइंग केंद्राने ही फळी उभी केली, ते ऋण मोठं आहे. पण पुण्यातच इंजिनिअरिंग कॉलेजचा, सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून आहे. नदी आहे, नौका आहेत, परंपरा आहे. तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सकाळी पाण्यावर नेणारी शाळा आपल्या शहरांत शोधावी लागते. मुलींची स्थिती त्याहून अवघड. जागतिक स्पर्धांत स्त्रिया १९८५पासून पुरुषांइतकेच दोन हजार मीटर खेळतात. आपल्याकडे मात्र अजून ‘मुलीला एवढं झेपेल का’ हा प्रश्न मला विचारला जातो.

मघाशी एकाने विचारलं, की पुढच्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला काय आशा आहे. चित्र बदललं आहे, म्हणून नीट उत्तर देतो. टोकियोला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी मिळवलेला अकरावा क्रमांक ही आपली ऑलिंपिकमधली सर्वोत्तम कामगिरी, आणि ती लाइटवेट डबल स्कलमध्ये होती. त्या गटात पुरुषांना साडेबहात्तर किलोंची मर्यादा असे आणि जोडीची सरासरी सत्तर किलोंच्या आत ठेवावी लागे. आपल्या बांध्याला तो गट मानवत होता. पॅरिसनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. आता उंच, भारी युरोपियनांबरोबर खुल्या गटातच उतरायचं. पॅरिसला बलराज पंवार सिंगल स्कलमध्ये तेविसावा आला, त्यावरून या गटातली दाटी समजून घ्या. लॉस एंजेलिसला लाँग बीचवर अंतरही दोन हजारांऐवजी दीड हजार मीटर असेल, म्हणजे सुरुवातीचा जोर अधिक मोलाचा होईल.

पण २०२८ला एक नवा प्रकार येतो आहे, बीच स्प्रिंट. वाळूवरून धावत नौकेत बसायचं, लाटांतून बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, वळसे घालत अडीचशे मीटर आत जायचं, वळायचं, सरळ किनाऱ्याकडे यायचं आणि उडी मारून पुन्हा वाळूवरून धावायचं. यातली नौका रुंद आणि दणकट असते. दोन किलोमीटरचा संथ, सरळ कालवा इथे लागत नाही. लागतो तो समुद्र, आणि लाट अंगावर येताना न घाबरणारी मुलं. मालवण, देवगड, हर्णै इथली कोळ्यांची आणि गाबितांची पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून होडीत चढतात. वल्हं कधी उचलायचं आणि लाटेला टोक कधी द्यायचं हे त्यांना आम्ही शिकवायचं नाही, त्यांच्याकडून आम्हीच शिकायचं. त्यांना हवी आहे सरकत्या सीटची नौका, आठवड्यातून चार दिवस किनाऱ्यावर उभा राहणारा प्रशिक्षक आणि वर्षातून तीन-चार खऱ्या शर्यती. येत्या पावसाळ्यानंतर हे सिंधुदुर्गात सुरू करायचा आमचा प्रयत्न आहे. तुमच्यापैकी ज्यांची गावं तिकडे आहेत, त्यांनी आज निघण्याआधी मला भेटा. शाळांशी बोलणारी माणसं मला हवी आहेत.