इंडिका म्हणजे टाटाची गाडी नव्हे

नमस्कार मंडळी. रविवारची संध्याकाळ आहे, चहा झाला असेल, नसेल झाला तर आधण ठेवा, मी काही कुठे पळून जात नाही. मी तोच, इंदूरच्या रामबागेतला रिटायर्ड केमिस्ट, पस्तीस वर्षं काउंटरमागे उभा राहून लोकांची प्रिस्क्रिप्शनं वाचली आणि आता माइकसमोर बसून तुमचं डोकं खातोय.

तर झालं असं, की भाच्याचा फोन आला, कॅलगरीहून. तिकडे नोकरीला आहे, शिफ्ट उलटीसुलटी, झोपेचं खोबरं झालेलं. म्हणाला, मामा एक फोटो पाठवलाय बघ. बघतो तर एक पांढरी प्लास्टिकची डबी, झाकण दाबून मग फिरवायचं तेव्हाच उघडणार, लहान पोरांनी उघडू नये म्हणून, त्यावर लाल अष्टकोनात गांजाचं पान, खाली पिवळ्या चौकटीत सरकारी इशारा, आणि ठळक अक्षरात लिहिलेलं, इंडिका. आणि हा मला विचारतोय, मामा, दुकानातला पोरगा म्हणाला झोप हवी तर इंडिका घे, हे आपल्या इंडियावरूनच ना? मी म्हटलं अरे माझ्या पिढीला इंडिका म्हटलं की टाटाची डिझेल गाडी आठवते, अर्ध्या इंदूरच्या टॅक्स्या तीच होत्या, पण थांब, तुला नीट सांगतो. फोनवर सांगता सांगता वाटलं, हे सगळ्यांनाच सांगावं, कारण आता घरोघरी कुणी ना कुणी तिकडे आहे, आणि कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे सगळं कायदेशीर आहे, अल्बर्टात तर १८ पूर्ण झालं की दुकानात जाऊन घेता येतं. पोरं बोलत नाहीत एवढंच.

आधी नावाचं बघू, कारण मजा तिथेच आहे. १७५३ मधे लिनियस नावाच्या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने भांगेच्या झाडाला नाव दिलं कॅनॅबिस सटायव्हा, त्याच्यासमोर युरोपातली झाडं होती, दोरखंड वळायला लावायचे ती. मग १७८५ मधे लामार्क नावाच्या फ्रेंच माणसाकडे हिंदुस्थानातून नमुने गेले, आणि तो म्हणाला हे काहीतरी वेगळं आहे, खोड कडक, साल पातळ, दोरीला काही कामाचं नाही पण नशा भारी, म्हणून त्याने ह्याला इंडिका म्हटलं. म्हणजे नाव शंभर टक्के आपलं. पण आज त्या डबीतलं जे इंडिका आहे ना, ते आपलं नाहीच! बाजारात ज्याला इंडिका म्हणतात ते बुटकं, झुडपासारखं पसरणारं, रुंद गडद पानांचं झाड, ते अफगाणिस्तान आणि हिंदुकुशकडचं, थंडी लवकर पडते म्हणून लवकर फुलून मोकळं होणारं, राळ भरपूर, चरस करायला उत्तम. १९७०च्या दशकात अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ तिकडे गेले, त्यांनी ते झाड बघितलं आणि हेच इंडिका म्हणून ठरवलं, आणि आपल्या केरळातलं उंच, सडपातळ, बारीक पानांचं झाड, ज्याच्या भावंडांवरून मुळात नाव पडलं, ते आज दुकानात सटायव्हा म्हणून विकलं जातं. लग्नपत्रिकेत नाव एकाचं आणि मुंडावळ्या बांधल्या दुसऱ्यालाच, तसला प्रकार.

आम्हा औषधवाल्यांना मात्र इंडिका शब्द जुना माहितीचा. ज्यांच्या दुकानात मी पुड्या बांधायला शिकलो ते सांगायचे, एके काळी टिंक्चर कॅनॅबिस इंडिका, म्हणजे दारूत उतरवलेला अर्क, अशा नावाची बाटलीच असायची. ओशॉनेसी म्हणून एक आयरिश डॉक्टर कलकत्त्यात होता, त्याने १८३९ मधे आपल्याकडच्या हकीम-वैद्यांचं बघून धनुर्वाताच्या, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रोग्यांवर हे वापरून बघितलं, मग विलायतेला घेऊन गेला. अमेरिकेच्या अधिकृत औषधांच्या यादीत तर १८५० पासून १९४२ पर्यंत होतं हे. मग गेलं, त्याचं एक कारण म्हणजे प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी, एकाला दहा थेंबांत काही नाही आणि दुसरा त्यातच आडवा. ही तक्रार लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता गुण. इंडिका घेणारा माणूस काय अपेक्षेने घेतो? तर अंग जड होतं, मानेच्या, खांद्याच्या गाठी सैल पडतात, पापण्या उतरतात, सोफ्यावरून उठावंसं वाटत नाही, डोक्यातली चक्री मंद होते, आणि भूक अशी खवळते की रात्री अकराला माणसाला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस दोन्ही हवं असतं. (सराफ्यात तशीही सगळ्यांना लागते म्हणा, त्याला इंडिका कशाला.) हे सगळं खरं आहे, होतं असं. सोबत तोंडाला कोरड पडते, डोळे लाल होतात, आणि लोकांना माहीत नसतं पण शांत वाटत असतानाच छातीचे ठोके मात्र वाढलेले असतात, एकदम उभं राहिलं की प्रेशर पडून चक्कर येते. वेळ लांबतो. पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, आणि बोलता बोलता वाक्याचं शेपूट हरवतं.

हे कशाने होतं ते १९६४ मधे कळलं, इस्रायलच्या मेशुलम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी टीएचसी वेगळं काढलं, नशेचा मूळ मालक तो. पुढे असंही कळलं की आपल्या मेंदूत ह्याच्यासाठी कुलपं आधीपासूनच आहेत, म्हणजे शरीर स्वतःच तसली किल्ली बनवत असणार, आणि १९९२ मधे मेशुलमच्याच लॅबमधे ती सापडली. नाव काय ठेवलं माहितीये? आनंदामाइड. संस्कृतातला आनंद! जेरुसलेममधे बसून. मला हे वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की दुकानात आलेल्या प्रत्येकाला दोन दिवस सांगत होतो, लोक क्रोसिन घेऊन पळायचे.

मग प्रश्न असा, की सगळ्यात टीएचसीच आहे तर इंडिकाने झोप आणि सटायव्हाने तरतरी हे कसं काय? तर खरं सांगायचं म्हणजे डबीवरचा शब्द फारसा भरवशाचा नाही, तीच जुन्या बाटलीवाली तक्रार. इतकी वर्षं जगभर कलमं आणि संकर झालेत की शुद्ध काही उरलंच नाही. २०२१ मधे कॅनडातल्या संशोधकांनी शेकडो नमुन्यांची जनुकं तपासली, इंडिका लेबलवाली एकीकडे आणि सटायव्हावाली दुसरीकडे अशी काही विभागणी दिसेना, फरक दिसला तो मुख्यतः वासाच्या द्रव्यांत, ज्यांना टर्पीन म्हणतात. इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्यात मर्सीन जास्त, मातीसारखा, जरा उग्र वास. हा मर्सीन आंब्यात असतो, आपल्या गवती चहात असतो. दुसरा लिनालूल, लव्हेंडरवाला, तोच आपल्या धन्यांत ठासून भरलेला. तिसरा कॅरियोफिलीन, मिऱ्यात आणि लवंगेत. म्हणजे अर्धी इंडिका तर आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहे! मर्सीनने गुंगी येते हे उंदरांवर, मोठ्या डोसमधे बघितलंय, माणसात एवढ्याशा मर्सीनने झोप येते हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे दुकानातल्या पोराने वास घेऊन सांगितलेलं भविष्य मी तरी फार मनावर घेणार नाही. दुसरं असं की माणूस डबी घेतो रात्री, दिवे मंद करतो, झोपायच्या तयारीनेच घेतो, त्यात निम्मं काम होऊन जातं.

मी भाच्याला म्हटलं, बाबा, इंडिका राहू दे, खालचा बारीक आकडा वाच. वाचला त्याने, टोटल टीएचसी २१० मिलिग्रॅम पर ग्रॅम. म्हणजे २१ टक्के. म्हटलं हे काय कमी आहे का, झोपेसाठी घ्यायला? जुन्या काळी साध्या गांजात ह्याच्या कितीतरी कमी असायचं. दोन आकडे असतात त्यावर बरं का, एक नुसता टीएचसी, तो अगदी चिल्लर दिसतो, आणि एक टोटल, कारण ओल्या-वाळल्या कळीत हे द्रव्य आम्लाच्या रूपात झोपलेलं असतं, उष्णता लागली की जागं होतं. माणसाला लागू पडतो तो टोटल. नवखे लोक पहिला आकडा वाचून खूश होतात आणि मग रात्रभर छताकडे बघत बसतात, कारण डोस वाढला की हीच शांत करणारी वस्तू उलटते, घाबरं होतं, वाटतं आता मरतो.

आणि खाण्यातून घेतलं तर आणखी वेगळं. ह्यासाठी मला कॅनडाला जायची गरज नाही, आमच्या घरातलंच उदाहरण आहे. रंगपंचमी होती. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून, रंगाने माखून सगळे परत आले, घरी कुणीतरी उज्जैनहून आणलेला भांगेचा गोळा घोटून ठंडाई केलेली, बदाम, खसखस, बडीशेप, मिरे, गुलाबपाकळी, वर भरपूर दूध. आमच्या काकांनी एक ग्लास घेतला. अर्धा तास बसले. म्हणाले, ह्यात काही दम नाही, नुसतं दूध आहे, आणि दुसरा घेतला, मग पाऊण तासाने भजी झाली तेव्हा तिसरा. हीच चूक सगळे करतात. ओढलेलं पाच-दहा मिनिटांत कळतं, पण खाल्लेलं-प्यालेलं पोटातून लिव्हरमधे जातं, तिथे टीएचसीचं आणखी जोरदार रूप तयार होतं आणि मग ते डोक्यात चढतं, त्याला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात, भरल्या पोटी त्याहूनही उशीर, आणि एकदा चढलं की सहा-आठ तास उतरत नाही. दुधाची साय असली की आणखी छान विरघळतं, तेलकट-तुपकट गोष्टीतच मिसळणारं द्रव्य ते. आमच्या पूर्वजांना केमिस्ट्री येत नसेल पण दूध घालायचं हे बरोबर कळलेलं.

तर साधारण चारच्या सुमारास काका झोपाळ्यावर होते, स्वतःच्या घरातल्या, चाळीस वर्षं जुन्या झोपाळ्यावर, आणि काकूला म्हणाले, चला, उशीर झाला, आता आपण घरी जाऊ. काकू म्हणाली अहो घरीच आहात. ते हो म्हणाले. दोन मिनिटांनी परत, चला आता, ह्यांना किती त्रास द्यायचा. असं किमान वीस वेळा. मधेच झोपाळ्याची कडी घट्ट धरून मला बोलावलं आणि हळूच म्हणाले, जरा ड्रायव्हरला सांग, गाडी हळू चालव. झोपाळा थांबलेला होता हो! हसून हसून आमची मुरकुंडी, पण मी मनात घाबरलेलो, कारण काका रक्त पातळ करायची गोळी घ्यायचे, वॉरफरिन, आणि भांग-गांजाने तिचा असर वाढू शकतो हे मला माहीत होतं. रात्रभर उशाशी बसलो. सकाळी उठले, सहा पोहे-जलेब्या खाल्ल्या आणि काहीच आठवेना.

म्हणून केमिस्ट म्हणून चार गोष्टी पटकन सांगतो. हार्टवाले, रक्त पातळ करायच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेले, गरोदर बायका, घरात कुणाला मानसिक आजार झालेला असेल ते, आणि पंचविशीच्या आतली पोरं, ह्यांनी लांबच राहायचं. घेऊन गाडी चालवायची नाही. झोपेसाठी म्हणाल तर सुरवातीला डोळा लवकर लागतो हे खरं, पण स्वप्नांची झोप कमी होते, काही आठवड्यांत तेवढ्याने भागेनासं होतं, आणि बंद केलं की चित्रविचित्र स्वप्नं आणि पुन्हा जागरण. भाच्याला मी हेच म्हटलं, शिफ्टचं आणि बिछान्यातल्या मोबाइलचं आधी बघ, डॉक्टरला दाखव.

तो मार्चमधे येतोय रंगपंचमीला. मला विचारतो, मामा येताना गमी, म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोड गोळ्या, आणू का, दहाच मिलिग्रॅमचं पाकीट असतं, तुझ्यासाठी. मी म्हटलं वेडा आहेस का, तिथल्याच कायद्याने ते देशाबाहेर न्यायला मनाई आहे, आणि इथे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागतो, गांजा, चरस, त्याचा अर्क, सगळं त्यात. किलोच्या आतला गांजा कायद्याच्या भाषेत छोटी मात्रा, म्हणून लोकांना वाटतं चालतं, पण त्यालाही वर्षभर आत जाता येतं. सुटली ती फक्त भांग, कारण कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसतं पान त्यात धरलं नाही, म्हणून आपल्याकडे लायसनवाली भांगेची दुकानं दिसतात. तू मॅपल सिरप आण, पोळीबरोबर खाऊ.

काकांना पण सांगितलं भाचा येतोय म्हणून, झोपाळ्यावरच बसले होते. म्हणाले, येऊ दे, ठंडाई करू. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. तर म्हणतात, अरे त्या वेळी भांग-बिंग काही नव्हतं, बदाम खवट होते.