काट्यावरचं वजन, पोर्टलवरचं वजन

[दृश्य : धारावी, तेरा कंपाऊंड. पत्र्यांच्या छपरांवर वाळणारा रंगीत चुरा.]

मुंबईने टाकलेलं प्लास्टिक इथे गोण्यांतून उतरतं. निवडणारा झाकण उचलतो, बोटांत दाबतो, फरशीवर आपटून आवाज ऐकतो आणि नेमक्या ढिगात फेकतो. शंका आलीच तर तुकडा पाण्यात टाकायचा. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, म्हणजे पेट, बुडतं; डब्या-झाकणांचं पीपी आणि शाम्पूच्या बाटल्यांचं एचडी तरंगतात. मग चुरा, धुणं, वाळवण, वितळवण, आणि शेवटी प्लास्टिकचा नवा दाणा.

[दृश्य : निवडीचा यांत्रिक पट्टा.]

मोठ्या कारखान्यात हीच निवड यंत्र करतं. अवरक्त किरणांचा सेन्सर प्लास्टिकची जात ओळखतो, हवेचा झोत तुकडा बाजूला उडवतो. काळ्या डब्यापुढे मात्र सेन्सर हतबल होतो, कारण रंगातली काजळी किरणं गिळून टाकते. युरोपात यावर उपाय म्हणून वेष्टनावरच डोळ्यांना न दिसणारी डिजिटल खूण छापून कोपनहेगनमध्ये चाचण्या घेतल्या गेल्या.

आपल्याकडे डिजिटल झाला तो हिशेब. 2022च्या नियमांनुसार कंपनीने बाजारात आणलेल्या वेष्टनाची जबाबदारी तिचीच. रिसायकलिंग करणाऱ्याने किती प्लास्टिक रिसायकल केलं याचं प्रमाणपत्र द्यायचं, कंपनीने ते विकत घ्यायचं, नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. 2025-26 पासून कडक वेष्टनांत 30 टक्के जुनं प्लास्टिक वापरायचं, 2028-29 पर्यंत 60 टक्के. म्हणजे चांगल्या दाण्याला मागणी वाढणारच.

पण सुरुवातीलाच मंडळाच्या तपासणीत सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रं सापडली. जे प्लास्टिक कुणी वितळवलंच नव्हतं, त्याचे कागद विकले गेले होते. संताप यावा अशीच ही गोष्ट आहे, कारण खरं प्लास्टिक गोळा करणारी माणसं या पोर्टलवर कुठेच दिसत नाहीत.

[दृश्य : पुणे. कचरावेचक महिला, भंगाराच्या दुकानातला काटा.]

पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक 2008 पासून महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करतात. पेट वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. वेफर्सची चकचकीत पाकिटं भंगारवाला घेतच नाही, त्यात थरांवर थर चिकटलेले असतात.

नोंद सुरू व्हायला हवी ती इथून. गोणी काट्यावर चढली की वजन, प्रकार आणि भाव तिथल्या तिथे मोबाईलवर उतरवावा आणि पावती वेचणाऱ्या बाईच्या हातात पडावी. मग टनांचं प्रमाणपत्र समोर आलं, की त्यामागच्या गोण्या एक-एक करून विचारता येतील.