चार पाय उजळायला हवे होते

(दृश्य : महापे एमआयडीसी, सकाळ. गाळ्याचं शटर वर जातं.)

कोपरखैरणे स्टेशनला उतरून रिक्षानं महापे एमआयडीसीत यायचं. इथल्या एका गाळ्याच्या माळ्यावर आमची टेबलं आहेत. आम्ही सोसायट्यांच्या पंपासाठी कंट्रोलर बोर्ड बनवतो. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद.

(दृश्य : स्क्रीनवर बारीक रेघांचं जाळं.)

स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, काढून झालं की पार्ट स्क्रीनवरच्या बोर्डवर येतात आणि कोणती पिन कुणाला जोडायची ते या रेघा सांगतात. एकमेकींना जोडलेल्या पिनांचा गट म्हणजे ‘नेट’. बोर्ड तळहाताएवढा, तरी एवढ्या गुंत्यात काही सुचत नाही. म्हणून गाळणी लावायची.

आमचं काम किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. फ्रान्सच्या जाँ-पियेर शारास यांनी १९९२ साली ते लिहायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं. आमच्यासारख्या लहान गाळ्यावर त्याचे फार उपकार आहेत. त्यात नेटच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक डोळा असतो. ग्राउंडचा, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या नेटचा, डोळा मिटला की जाळं एकदम विरळ होतं, कारण जवळपास प्रत्येक पार्टचा एक तरी पाय, म्हणजे पिन, ग्राउंडला असतो. तिथे शेवटी तांबंच भरायचं असतं, तोवर त्याच्या रेघा नकोतच.

तांबं भरल्यावर मात्र तो डोळा उघडायचा. मध्ये दुसऱ्या नेटचा एखादा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, आडवा गेला की तांब्याचं बेट एकटं पडतं आणि त्याची रेघ आपणच लपवलेली असते. डीआरसी, म्हणजे बोर्डच्या आखणीतल्या चुका शोधणारी सॉफ्टवेअरची तपासणी, ती पकडते, पण नव्या मुलांना मी आधी डोळ्यांनी शोधायला लावते.

आता माझी चूक सांगते.

बोर्ड बनून आले. टाकी रिकामी असल्याचा सिग्नल दिला, हिरवा एलईडी लागला, पण मोटर चालू करणाऱ्या रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, ‘टक’ आलाच नाही. दोन दिवस आम्ही रिले बदलला, ट्रान्झिस्टर बदलला, सप्लाय मोजला.

सोबतचा मुलगा म्हणाला, “ताई, ईआरसी तर क्लीन होतं.”

होतंच. ईआरसी म्हणजे स्किमॅटिकमधल्या जोडण्यांची सॉफ्टवेअरची तपासणी, आणि तिनं एकही चूक दाखवली नव्हती. मग मी स्किमॅटिक उघडून मोटर चालू करायचा सिग्नल नेणारं ‘मोटर’ नेट हायलाइट केलं. कंट्रोलरची पिन, एक. तिला ग्राउंडकडे ओढून धरणारा १० किलो-ओमचा रेझिस्टर, दोन. पुढे रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसचा रेझिस्टर आणि मोजणीसाठी ठेवलेला टेस्ट पॉइंट. चार पाय उजळायला हवे होते. दोनच उजळले.

(दृश्य : लेबलचा क्लोजअप.)

या नेटचे दोन तुकडे रेघेनं नव्हे, फक्त सारख्या नावाच्या लेबलनं जोडलेले होते. एका ‘मोटर’मध्ये इंग्रजी ओ होता, दुसऱ्यात माझ्या हातून शून्य पडलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी नेट. दोन्हीकडे दोन-दोन पाय, म्हणजे लोंबकळणारं कुणीच नाही. मग ईआरसी कशाची तक्रार करणार?

ते शून्य मला नुसतं वाचून कधीच दिसलं नसतं. ओळखीचा शब्द डोळा आपणच पुरा करतो. म्हणून आता महत्त्वाच्या प्रत्येक नेटचे पाय आधी वहीत लिहायचे, हायलाइट नंतर. उलट केलं तर जेवढे उजळलेत तेवढेच बरोबर वाटायला लागतात.

(दृश्य : सोल्डरिंगचा धूर.)

आलेल्या बोर्डांवर आम्ही कंट्रोलरच्या पिनपासून बेसच्या रेझिस्टरपर्यंत एकेक बारीक वायर ओढली. पहिल्या बोर्डला सप्लाय दिला.

टक.