उधळपट्टी रोखणारा आयोग: गोव्याच्या कायद्यात काय लिहायला हवे?

नमस्कार.

गावच्या रस्त्यावर हॉटमिक्स पडते. चार महिन्यांत जलवाहिनीसाठी चर खणला जातो. तो बुजतो न बुजतो तोच भूमिगत वीजवाहिनीचे काम येते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत हे सगळ्यांनी पाहिले आहे. आता या तिन्ही कामांच्या फायली उघडा. प्रशासकीय मंजुरी आहे, तांत्रिक मंजुरी आहे, निविदा आहे, मोजमाप पुस्तिकेत नोंदी आहेत. प्रत्येक फाईल नियमात बसते. रस्त्याचे पैसे मात्र वाया गेले, कारण तिन्ही फायली एका टेबलावर ठेवून पाहणारे कुणीच नव्हते.

ते काम करणारा स्वतंत्र खर्च आयोग गोव्यात आणायचा तर कसा, हा आजचा विषय. अशा आयोगाची गोष्ट निघाली की अध्यक्षपदी कोण बसणार यावरच चर्चा रंगते. आमच्या मते आयोग टिकतो की कोलमडतो ते त्याच्या कायद्यातल्या चार-पाच कलमांवर ठरते.

(पडद्यावर: 28,162 कोटी)

2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प 28,162 कोटी रुपयांचा. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती 14,58,545. आजची थोडी जास्त धरली तरी माणशी दीड लाखाच्या वर रक्कम येते. पण यातला पगार, पेन्शन, कर्जावरचे व्याज आणि वीजखरेदीचा भाग बाजूला ठेवा. व्याज थकवता येत नाही आणि पेन्शन रोखता येत नाही. आयोगाला खरा वाव आहे तो बांधकामांत, खरेदीत, महामंडळांना आणि सोसायट्यांना जाणाऱ्या अनुदानांत आणि योजनांच्या लाभार्थी याद्यांत. त्यामुळे निम्मा खर्च वाचवून दाखवतो असे कुणी म्हणाले, तर त्याला आधी हे आकडे वाचायला सांगा.

कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, असताना हे कशाला, असा प्रश्न येतोच. पर्वरीला महालेखापालांचे कार्यालय आहे. राज्यघटनेच्या 151 व्या कलमानुसार कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधानसभेत येतो, मग लोकलेखा समिती तो तपासते. काम चांगले होते, पण उशिरा होते. बिल चुकते झाल्यावर लेखापरीक्षण, मग खात्याचा खुलासा, मग अहवाल, मग समिती. तोवर ज्याने सही केली तो अभियंता निवृत्त झालेला असतो आणि कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपलेला असतो. ‘निष्फळ खर्च’, ‘टाळता येण्याजोगा खर्च’ हे लेखापरीक्षणातले नेहमीचे शब्द आहेत, आणि ते लिहिले जातात तेव्हा टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. आयोगाची जागा म्हणूनच प्रशासकीय मंजुरी आणि कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश, यांच्या मध्ये हवी.

आता आधीचे अनुभव. केंद्राने 2000 साली के. पी. गीताकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली खर्च सुधारणा आयोग नेमला. त्याने दहा अहवाल दिले. 2014 मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर बिमल जालान यांचा खर्च व्यवस्थापन आयोग आला. दोन्हीकडे अनुभवी माणसे होती, पण दोन्ही आयोग सल्लागार. शिफारस मानावी की फाईल कपाटात ठेवावी, हे सरकारच्या मर्जीवर. केरळने 2003 च्या आपल्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातच सार्वजनिक खर्च आढावा समितीची तरतूद केली, ती वाट अधिक भक्कम.

आणि आपला स्वतःचा अनुभव सर्वांत महत्त्वाचा. गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर 2020 मध्ये निवृत्त झाले. त्यांनी सरकारला 21 अहवाल दिले होते आणि एकावरही कारवाई झाली नाही, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. पुढे जानेवारी 2021 मध्ये विधानसभेत लोकायुक्त कायद्यात दुरुस्ती झाली आणि अधिकार वाढण्याऐवजी आखडले. यातून धडा घ्यायचा तो कायदा लिहिताना. उत्तर देण्याची मुदत आणि उत्तर न दिल्यास पुढे काय होईल, हे कलमात नसेल तर निवृत्त न्यायमूर्तीही हतबल होतात.

मग आयोग नेमण्याचा मार्ग कोणता? सरकारी आदेशाने नेमला तर दुसऱ्या आदेशाने तो गुंडाळता येतो. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला तर साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत कृती-अहवालासह तो सभागृहात ठेवावा लागतो, हीसुद्धा चांगली तरतूद. पण तो कायदा एखाद्या निश्चित प्रकरणासाठी आहे, दरवर्षी चालणाऱ्या कामासाठी नाही. म्हणून गोवा विधानसभेने स्वतंत्र कायदा करावा हेच योग्य. एक व्यावहारिक अडचण आधीच लक्षात ठेवा. या विधेयकाने राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार, त्यामुळे 207 व्या कलमाखाली राज्यपालांची शिफारस लागते. विरोधी आमदाराने खाजगी विधेयक आणले तर ते इथेच अडू शकते. सुरुवातीपासून वित्त खात्याला बरोबर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिले कलम पैशाचे. आयोगाचा खर्च अर्थसंकल्पातल्या सचिवालयाच्या अनुदान मागणीतून दिला तर पहिल्या कडक अहवालानंतर गाडी आणि टंकलेखक दोन्ही काढून घेतले जातील. राज्यघटनेच्या 202(3) मध्ये याला उपाय आहे. विधानसभा कायद्याने एखादा खर्च ‘भारित’ ठरवू शकते. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. लोकसेवा आयोगाचा खर्च असाच भारित असतो. हे एक वाक्य कायद्यात असेल तर आयोगाला दरवर्षी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

दुसरे कलम माणसांचे. गोव्यासारख्या छोट्या राज्याला तीन सदस्य पुरेत: एक लेखापरीक्षण सेवेतला, एक बांधकामाचे अंदाजपत्रक ओळीओळीने वाचू शकणारा अभियंता, एक खरेदी आणि कंत्राटांचा जाणकार. मुदत सहा वर्षे, फेरनियुक्ती नाही. किमान दोघे राज्याबाहेरून यावेत असे आम्हाला ठामपणे वाटते. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी शेजारी, कुणी सोयरा, कुणी एकाच देवळाच्या समितीवर. त्यात वाईट काही नाही, पण बिल नाकारताना हात जड होतो. त्याहून नाजूक प्रश्न कर्मचाऱ्यांचा. साबांखातून, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातून, प्रतिनियुक्तीवर आलेला सहायक अभियंता दोन वर्षांनी त्याच वरिष्ठाकडे परतणार असेल, तर तो त्या वरिष्ठाच्या कामावर शेरा कसा मारेल? त्याचा गोपनीय अहवाल आयोगाने लिहावा आणि पुढची तीन वर्षे त्याला मूळ विभागात पाठवू नये, हे कायद्यात हवे.

तिसरे कलम म्हणजे कोणती कामे आयोगाकडे येतील. समजा, पाच कोटींवरची सगळी कामे. लगेच काय होईल ते सांगतो: एकाच रस्त्याची चार कोटी नव्वद लाखांची दोन कामे निघतील. म्हणून एकाच इमारतीवरची किंवा एकाच रस्त्यावरची बारा महिन्यांतली कामे एकत्र मोजावीत. निविदेशिवाय दिलेले काम मात्र रक्कम कितीही असो, आयोगाकडे यायलाच हवे. सार्वजनिक कंत्राट साधारणपणे जाहीर लिलावाने किंवा निविदेनेच द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या मेरठ महापालिका प्रकरणात सांगितले आहे. पणजीच्या कला अकादमीच्या नूतनीकरणाचे काम निविदा न काढता दिले गेले. त्यावर विधानसभेत प्रश्न आला तेव्हा ताजमहाल बांधताना शहाजहानने कोटेशन मागवले नव्हते, अशा आशयाचे उत्तर मिळाले. जुलै 2023 मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. छत का पडले हे अभियंत्यांनी ठरवायचे. निविदा का काढली नाही, हा प्रश्न लेखी स्वरूपात कार्यादेशाआधी विचारला जायला हवा होता, आणि तो विचारण्याचे बंधन कुणावरच नव्हते.

इथे एक धोकाही आहे, आणि तो आम्ही हलक्यात घेत नाही. आयोग म्हणजे फाईल थांबण्याचे आणखी एक टेबल होऊ शकते. गोव्यात कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसात हॉटमिक्स होत नाही. आयोगाने फाईल दोन महिने अडवली तर काम एका पावसाळ्याने मागे पडते आणि दर वाढतात, म्हणजे आयोगच खर्च वाढवतो. त्यामुळे 21 दिवसांची मुदत, आणि तेवढ्यात आयोग बोलला नाही तर मंजुरी मिळाली असे समजायचे. पूर, दरड, कोसळलेला साकव अशा तातडीच्या कामांना सूट, पण त्यांची नोंद सात दिवसांत आयोगाकडे.

चौथे कलम उत्तराचे. आयोगाने हरकत घेतली तर खात्याच्या सचिवांनी 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि हरकत व उत्तर दोन्ही त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावे. सरकारला हरकत डावलून काम करायचे असेल तर करू द्या, निवडून आलेल्यांचा तो अधिकार आहे. मात्र निर्णय मंत्र्यांच्या सहीचा, कारणासह, आणि पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात सभागृहापुढे.

बंद करायच्या योजनांबाबत अमेरिकेतला एक प्रयोग उपयोगी आहे. तिथे लष्करी तळ बंद करायचे होते आणि प्रत्येक प्रतिनिधी आपल्या मतदारसंघातला तळ वाचवू पाहत होता. 1988 पासून स्वतंत्र आयोगाने यादी करायची आणि ती पूर्ण स्वीकारायची किंवा पूर्ण नाकारायची, अशी पद्धत आली. मधूनच एखादे नाव काढता येत नव्हते. 2005 पर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या. आपल्या 40 आमदारांच्या सभागृहात हा प्रश्न अगदी तसाच आहे. 203 व्या कलमाने मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा जो अधिकार विधानसभेला दिला आहे, तो साध्या कायद्याने काढून घेता येणार नाही. पण आयोगाची यादी एकाच ठरावाने मताला टाकायची, असा नियम सभागृह स्वतःच्या कामकाजात करू शकते.

आता सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. तोटा म्हणजे उधळपट्टी नव्हे, आणि ही व्याख्या कायद्यातच हवी. फक्त हिशेब पाहणारा आयोग सगळ्यात आधी कशाकडे बोट दाखवेल? सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या कमी पटाच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेकडे, आणि शेवटच्या गावाला जाणाऱ्या कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या अर्ध्या रिकाम्या बसकडे. त्या शाळेचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च जास्त दिसेलच. पण सहा वर्षांच्या मुलाला चालत जाता येईल अशी दुसरी शाळा जवळ नसेल, तर तो खर्च वाया गेलेला नाही. उधळपट्टी म्हणजे ज्या हेतूने पैसा दिला तो हेतू साधला नाही, किंवा तोच हेतू कमी पैशात साधला असता. खोक्यातच पडून राहिलेले वैद्यकीय यंत्र, कारण ते चालवणारा तंत्रज्ञ नेमलेला नाही. उद्घाटन होऊन कुलूपबंद असलेली इमारत, कारण वीजजोडणीचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून महामंडळाच्या खात्यात वळवलेली रक्कम. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरच्या अशा घाईला वित्तीय औचित्याचा भंग म्हटले आहे.

पहिल्या 90 दिवसांत आयोगाने काय मागवावे? महिनावार खर्च, म्हणजे मार्चची उडी दिसेल. 3054 आणि 5054 या रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षांखालची कामे नकाशावर, म्हणजे एकाच रस्त्यावर दोनदा झालेले काम दिसेल. ‘इतर खर्च’ या नावाखालच्या नोंदी सुट्या करून. पणजीत भाड्याच्या जागेत असलेल्या कार्यालयांची यादी, क्षेत्रफळ आणि भाड्यासह. दयानंद सामाजिक सुरक्षा आणि गृहआधार या दरमहा मदत देणाऱ्या योजनांच्या याद्या मृत्यू नोंदणीशी ताडून. यादीतून नाव काढण्याआधी मात्र लाभार्थ्याला नोटीस आणि म्हणणे मांडायला 30 दिवस, कारण नावातल्या एका अक्षराच्या फरकाने जिवंत म्हातारीचे पैसे बंद होऊ शकतात.

कायदा होईपर्यंतही एक गोष्ट आजच करता येते. माहिती हक्क कायद्याच्या 4(1)(ख) कलमानुसार प्रत्येक खात्याने आपला अर्थसंकल्प आणि वितरणाचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा असतो. तो मिळत नसेल तर आपल्या आमदाराला विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, द्यायला सांगा. मतदारसंघातल्या मागच्या तीन वर्षांच्या रस्त्यांसाठी पाच रकाने मागा: कामाचे नाव, मंजुरीची रक्कम, अंतिम बिलाची रक्कम, दोषदायित्व संपण्याची तारीख, आणि त्या तारखेच्या आत तोच रस्ता पुन्हा कुणी खणला.