टंकी जड, ज्योत मंद: थंडीत गॅस का रुसतो?

नमस्कार मंडळी! जानेवारीतलं ग्वाल्हेर, स्वयंपाकघरात पारा ५ अंशांवर. ज्योत मरगळलेली. आपल्या लष्कर भागातल्या कुठल्याही घरात लगेच निकाल लागतो, "टंकी संपली." उचलून बघावी तर चांगली जड! मग आतला गॅस बाहेर का येईना?

टंकीत मुख्यतः द्रव असतो. ओल्या फडक्यानं ती पुसा. वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओलाच राहतो. मधली रेघ म्हणजे द्रवाची पातळी. द्रवावर वाफ असते आणि शेगडीला जाते ती ही वाफ. एकच शुद्ध पदार्थ असता, तर दाब फक्त तापमानावर ठरला असता. टंकी भरलेली असो की तळाला आलेली.

पण एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. ५ अंशांवर प्रोपेनचा बाष्पदाब, म्हणजे द्रवावरच्या वाफेचा दाब, साधारण ५.५ बार (बार हे दाबाचं एकक), ब्यूटेनचा जेमतेम सव्वा. समजा, द्रवात दोघांचे रेणू निम्मे-निम्मे आहेत. मिश्रणात प्रत्येक जण द्रवातल्या आपल्या वाट्याइतकाच दाब देतो, हा राउल्टचा नियम. त्यानं एकूण दाब येतो सुमारे ३.४ बार. आता खरी गंमत बघा: त्यातले पावणेतीन बार एकट्या प्रोपेनचे! म्हणजे द्रवात निम्मा असलेला प्रोपेन वाफेत मात्र ८० टक्के. रोज चहा-पोळ्या होतात त्या जास्त करून प्रोपेनवर, आणि मागे उरतो आळशी ब्यूटेन. प्रोपेन १० टक्क्यांवर आला की दाब उतरून १.७ बार.

एवढ्यानंही काम चाललं असतं, कारण बाहेरची हवा १ बारच्या आसपास. पण बाष्पीभवनाला उष्णता लागते, ती द्रवातूनच जाते. मोठी शेगडी बराच वेळ चालली की टंकी स्वतःच गार पडते. ब्यूटेनला शून्याच्या खाली ढकललंत की तो वाफ द्यायचं जवळपास थांबवतो.

आता काही मंडळी टंकी आडवी करतात. कृपा करून नको! वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि द्रवाची वाफ झाली की आकारमान सुमारे अडीचशे पट होतं. टंकी गरम करायचा उद्योगही नको. बर्नर बारीक ठेवा, नाहीतर थोडा वेळ बंद करा. खोलीची ऊब तिला आपोआप मिळते.

पाइपच्या गॅसला हा त्रास नाही. तो मुख्यतः मिथेन, आणि मिथेनचं क्रांतिक तापमान उणे ८२ अंश. त्याच्या वर कितीही दाबा, तो द्रव होत नाही.