बोलीन, बोलीन

श्रोतेहो, नमस्कार. आज शिडाच्या जहाजांविषयी बोलायचं ठरलंय. खरं म्हणजे आमच्या अप्पांविषयीच होईल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो. आम्ही सगळे त्याच्याकडं गेलो होतो. सोबत कुंदा, आपली खव्याची मिठाई. कुंदा न्यायचा तर दोन डबे न्या, एक वाटेतच संपतो. तर भावानं जेम्सटाउन दाखवलं, इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत. नदीत तीन लाकडी जहाजं उभी, जुन्यांवरून नव्यानं बांधलेली. सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड, डिस्कव्हरी. मूळची तीन जहाजं डिसेंबर १६०६ मध्ये लंडनहून निघाली ती मे १६०७ ला तिथं टेकली. माणसं १४४. परत सांगतो, तीन जहाजांत १४४ माणसं, आणि साडेचार महिने! धाकट्या डिस्कव्हरीत २१ जण. तेवढे आमच्या खानापूरच्या वडाप जीपमध्येही बसतात म्हणा, पण तासाभरात उतरतात.

डेकवर जुन्या खलाशाच्या वेषातला एक पोरगा दोराच्या गाठी शिकवत होता. एक गाठ दाखवून म्हणाला, "बोलिन." अप्पा बघत राहिले. पोरगा परत म्हणाला, "बोलिन." अप्पा मला म्हणाले, "मघापासनं बोलीन बोलीन म्हणतोय, बोलत तर काय नाही!"

ते गाठीचं नाव आहे म्हटल्यावर अप्पांनी त्याच्या हातातला दोर घेतला आणि माझ्या लेकीच्या कमरेभोवती टाकून डोळ्याचं पातं लवायच्या आत तीच गाठ मारली. ओढून दाखवली. फास आवळत नाही, सरकत नाही, आणि सैल सोडली की सहज सुटते. पाण्यात पडलेल्या माणसाला याच गाठीनं वर ओढतात, असं पोरगा सांगत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या जहाजावर होता?"

भावानं भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "जहाज कसलं? ही म्हशीच्या दाव्याची गाठ. त्याला विचार, ह्येची म्हस कुठं बांधलीय?"

दाव्यावरून आठवलं. जनावराला नायलॉनचा दोर बांधू नका हो, मान काचते. माझं हे मत घरात कुणी ऐकत नाही.

परवा अप्पांना पेपर वाचून दाखवत होतो. कारवारला मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं कौंडिन्य जहाज, अजिंठ्यातल्या चित्रावरून बांधलेलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. बरं का, शिवलेल्या!

अप्पांनी चष्मा वर केला. "गाठ कुठली मारलीय, ते लिहिलंय काय?"