कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

(जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळींसमोर दादरला केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गाडी रस्त्यात बंद पडल्यावर पहिला हात कार्बोरेटरला घातला, असे इथे किती जण आहेत? हात वर करा. बरेच दिसताहेत. माझाही धरा.

भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये मी मिस्त्रीच्या, म्हणजे आमच्या उस्तादांच्या, हाताखाली होतो तेव्हाची गोष्ट. गिरगावातले एक निवृत्त मास्तर फियाट घेऊन यायचे. तक्रार ठरलेली: ‘टाकी फुल केली की गाडी बंद पडते. तळाला आलेली असली की बिनबोभाट चालते.’ लेक चेंबूरला, तिच्याकडे निघाले की किंग्ज सर्कलच्या आसपास गाडी आचके देऊन थांबायची. आम्ही पोरं हसायचो. पोट भरल्यावर कुणी उपाशी मरतं का! तीन वेळा मी तो कार्बोरेटर उतरवला, धुतला, परत चढवला. तिसऱ्या वेळी जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकात, तारही फिरवली. त्या पापाबद्दल पुढे बोलतो.

आधी पेट्रोलची वाट डोळ्यांसमोर आणा. मागे टाकी, तिच्यातून गाडीच्या पोटाखालून पुढे येणारी नळी, इंजिनाच्या अंगाला पंप, पंपातून कार्बोरेटरची वाटी, तिथून जेट. पद्मिनीच्या, म्हणजे त्याच फियाटच्या पुढच्या नावाच्या गाडीच्या, १०८९ सीसी इंजिनावरचा पंप कॅमशाफ्टच्या ढकलण्यावर चालतो. आत एक लवचिक पडदा, डायफ्रॅम, वरखाली होतो. बाकी काही नाही. आणि कार्बोरेटरचं काम तोलाचं, हवेत पेट्रोल मापात मिसळायचं. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. एवढा वारा ज्या गळ्यातून जातो तिथे तो अरुंद जागेत वेग घेतो, दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. वाटीत पेट्रोलच नसेल, तर बिचारा कार्बोरेटर काय ओढणार?

बंद पडताना गाडी काय बोलली ते आठवा. बटण दाबून दिवा घालवावा तशी एकदम गप्प झाली, तर आधी करंट बघा. आचके देत, मध्येच जरा उचल खात, पुन्हा खाली बसत गेली असेल, तर बहुतेक पेट्रोल. पेडर रोडच्या चढावर दम तोडते आणि सपाटीवर धावते, म्हणजे वाटीत जेवढं जातं त्यापेक्षा जास्त खर्च होतंय.

मग एअर क्लीनर काढा, स्विच बंद ठेवा, गळ्यात बघत हाताने अॅक्सिलरेटर ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली, तर वाटीत पेट्रोल आहे. नाही दिसली, तर वाटी कोरडी असेल, नाहीतर पिचकारी मारणारा छोटा पंप गेला असेल. सेल्फ मारताना मात्र तोंड तिथून लांब. भडका मागे उलटला तर भुवया जातात. माझी एक गेली होती.

वाटी कोरडी वाटली, की बाटली काढा. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून काचेच्या बाटलीत घाला, कॉइलची जाड तार काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन गार असू दे, बिडी-सिगारेटवाला दहा हात लांब. पंप चांगला असेल तर दर ठोक्याला भरदार पिचकारी येते. बुडबुडे येत असतील, तर पंपाला पेट्रोलबरोबर हवा मिळतेय.

आता इथे थांबू, कारण हीच जागा भल्याभल्यांना चकवते. पंपाच्या पुढची नळी फुटली तर पेट्रोल गळतं, वास येतो, डाग पडतो. पंपाच्या मागची नळी, म्हणजे टाकीकडची, तिथे ओढ असते. तिला चीर पडली तर इंजिन चालू असताना थेंब बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, नळी कोरडी, आणि इंजिन उपाशी. क्लिपखालचा रबराचा तुकडा दोन बोटांत वाकवून बघा. जुन्या रबराला वाकवल्यावरच भेगा दिसतात.

आणि टाकी? तिलाही श्वास लागतो. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल, तेवढी हवा आत यायला हवी. मास्तरांच्या टाकीचं झाकण कधीतरी चोरीला गेलं होतं. त्यांनी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून दुसरं आणलं, छान घट्ट बसणारं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. टाकी रिकामी असली की आत हवा भरपूर, चार लिटर ओढले तरी फारसा फरक नाही. टाकी भरलेली असली की वर हवेची जागा जेमतेम. अर्धा लिटर गेलं की आत एवढी ओढ तयार व्हायची, की पंपाचा पडदा हरायचा. मास्तर पहिल्या दिवसापासून अक्षरन्‌अक्षर खरं सांगत होते. एके दिवशी उस्ताद स्वतः किंग्ज सर्कलला गेले, बॉनेटला हातही न लावता मागे जाऊन झाकण फिरवलं. ‘फुस्स’ असा लांब श्वास ऐकू आला आणि गाडी सुरू. मला उस्ताद काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आता मे महिन्याचा आजार. ट्रॅफिकमध्ये पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ दाबत बसतो. काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांचा त्यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. तारदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या रस्त्यावरून गेल्या. फडकं तेवढं विसरू नका. पण वाफ आणि झाकण, दोन्हींत गाडी थोडा वेळ थांबली की पुन्हा सुरू होते, म्हणून घोळ होतो. जानेवारीच्या पहाटेही बंद पडत असेल, तर वाफेला दोष देऊ नका.

पंप संशयित असेल तर ऑइलची पट्टी काढून हुंगा. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असला, तर तसंच दामटू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

एवढं सगळं बरोबर निघालं, तर मग कार्बोरेटर. उभ्या उभ्या पेट्रोल वाहतंय, काळा धूर येतोय? वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल अडकली असेल. वाटीवर पान्ह्याच्या दांड्याने हलकेच टिचक्या मारा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाहीतर वाटीत तरंगणारा फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटका. स्लोला, म्हणजे पाय न देता, चालू राहत नाही पण पळते, तर स्लो जेट बुजला. पळताना उपाशी, तर मेन जेट बघा. पावसाळ्यात वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतून पाहा. तळाशी पाण्याचे मणी दिसतील.

जेटमध्ये तार मात्र घालू नका. जेट पितळेचा, भोक मापाचं. मास्तरांची गाडी नंतर चालू लागली, पण मी तार फिरवल्यापासून पेट्रोल जास्त प्यायची. नवा जेट माझ्या पगारातून आला. हवेच्या दाबाने फुंकायचं, बस.

सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं विचारायला तुम्ही टपलेले आहात. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि पाणी शोषतं. शिवाय त्याला हवा कमी लागते. असं पेट्रोल १४.७ऐवजी १३.५च्या आसपास हवा मागतं, आणि आपले जेट जुन्या हिशोबाचे. म्हणून मिश्रण जरा कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, गाडी पिकअपला अडखळते, स्पार्क प्लग पांढरट दिसतात. रबरी नळ्या, वॉशर इथेनॉल सोसणारे घाला. जेट एखाद्या नंबरने मोठा करायचा तो प्लगचा रंग बघून. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर हात लावू नका.

खाली माझी गाडी उभी आहे. तिच्यात मी सकाळी एक बिघाड करून ठेवलाय. बाटली माझ्याकडे आहे, फडकं कुणीतरी आणा. झाकण मी तपासलंय, ते बरोबर आहे. तिथे वेळ घालवू नका.